पंपाचं बटण

आमच्या मागीलदारी चिऱ्याच्या दोन खोल्या आहेत, वर स्लॅब. ह्यांनी बँकेचं कर्ज काढून बांधल्या आणि हप्ते फिटायच्या आत गेले. हप्ता पाच हजार आठशे, भाडं सहा हजार. मला उरायचे दोनशे. एका फेरीत नारळ पाडायला त्याहून जास्त जातात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एक कुटुंब राहायला आलं. तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळीचा टेम्पो चालवतो. बायको आणि चार वर्षांचा मुलगा. करार अकरा महिन्यांचा, नोंदवलेला. तोही पुतण्या हटून बसला म्हणून. मी शंभराच्या स्टॅम्पवर सह्या घेऊन मोकळी झाले असते. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही असं आमच्या आळीत सगळेच सांगतात. महाराष्ट्रात लागते, आणि ती करून घेणं घरमालकाच्या गळ्यात.

अकरा महिने संपले. तोवर पोर रोज माझ्याकडे घावन खायला यायला लागलं होतं, त्याची आई मला काकी म्हणायला लागली होती. अशा माणसांना ‘चला, परत नोंदणी करू’ कसं म्हणायचं? ‘राहा की,’ म्हटलं. माझा सगळा मूर्खपणा या दोन शब्दांत आला.

जून-जुलैत मासेमारी बंद, टेम्पो उभा. ते दोन महिने भाडं मागेपुढे होणार हे मी धरूनच चालायची. २०२४ ला नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या, पहाटे चारला टेम्पोची घरघर सुरू झाली. भाडं काही आलं नाही. ‘काकी, दहा तारखेला नक्की.’ महिना कुठला, ते त्याने कधी सांगितलं नाही. वीस हजार डिपॉझिट होतं, ते सप्टेंबरपर्यंत जिरलं. हप्ता मी पाटल्या मोडून भरला. पोलिसांत विचारून आले, तर ही दिवाणी बाब, कोर्टात जा.

डिसेंबरात त्यांच्याकडे नवा टीव्ही आला. भला मोठा खोका माझ्याच पडवीतून आत गेला. त्या संध्याकाळी मी पंप लावला नाही. त्यांच्या टाकीच्या पंपाचं बटण माझ्या स्वयंपाकघरात आहे. दुसऱ्या दिवशीही नाही लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती कळशी घेऊन विहिरीवर आली आणि रहाटाने पाणी ओढायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही, भांडली नाही. रहाटाला तेल नव्हतं, प्रत्येक कळशीला करकरत होता. सहाव्या कळशीला मी बटण दाबलं.

हे वकिलांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘काकू, भाडं थकलं म्हणून पाणी तोडायचं नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तो गुन्हा आहे. तुरुंगाची शिक्षा होऊ शकते, आणि ती त्याला नाही, तुम्हाला.’ मग करार बघून जरा खुलले. हा भाडेकरू नव्हेच म्हणाले, हा लीव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी असलेला. मुदत संपली की त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, दिवाणी दाव्यासारखी वर्षं जात नाहीत. शिवाय मुदतीनंतर राहिला त्याचे पैसे दुप्पट दराने मागता येतात. म्हणजे महिना बारा हजार. कागदावर मी श्रीमंत आहे.

कोकण विभागाचं ते कार्यालय मुंबईत. कोकणकन्येने रात्री निघायचं, सकाळी स्टेशनवरच तोंड धुवायचं, काम आटपून परत. अर्ज दाखल झालाय. समन्स पोचलं की बचाव मांडायची परवानगी मागायला त्याला तीस दिवस. नाही मागितली, तर निकाल माझ्या बाजूने. पण आधी समन्स हातात पडायला हवं ना! पोस्टमन येतो तेव्हा तो टेम्पोवर असतो आणि ती दार उघडत नाही.

पोर अजून येतं. त्याला कोण काय सांगणार? काल घावन संपल्यावर विचारत होतं, ‘आजी, तू आमच्यावर केस केलीस?’ मी त्याच्या ताटलीत आणखी एक टाकलं.

सकाळी सहाला उठून मी अजूनही त्यांचा पंप लावते. वीस मिनिटांनी टाकी भरून वाहायला लागते, तेव्हा तीच खिडकीतून ओरडते, ‘काकी, बंद करा!’ सध्या आमचं एवढंच बोलणं.