पेपरचं कव्हर

रविवारी दुपारी पावसानं तासभर उघडीप दिली, तेवढ्यात मी पुस्तकांचं कपाट उघडलं. बेळगावात जुलैमध्ये कपाट उघडलं की आधी बुरशीचा वास बाहेर येतो, मग पुस्तकं. मला अडकित्ता हवा होता. म्हणजे शब्द. सकाळी शेजारच्या कन्नड काकूंनी कुंपणावरून चिडवलं होतं, ''तुमचा अडकित्ता मूळचा आमचा की ओ.'' आता रविवार पेठेत रोज अडिके अडिके, म्हणजे कन्नडातली सुपारी, ऐकणाऱ्या माणसाला यात वाद घालण्यासारखं काही नाही, तरी छापील पुरावा बघावा म्हटलं.

पहिलं पुस्तक ओढलं तर आत गिटार घेतलेला केसाळ माणूस. दुसरं ओढलं तर सोललेला दंड. तिसऱ्या खेपेला कोश निघाला.

याला कारण आप्पा. त्यांना उघडं पुस्तक बघवत नसे. शाळेचं असो, पोथी असो, पंचांग असो, त्यावर तरुण भारतच्या पानाचं कव्हर चढायचंच. वर नावही लिहू द्यायचे नाहीत. ''आपलं पुस्तक आपल्याला वळकत न्हाई म्हणजे काय गं?'' त्यामुळं आमच्या कपाटात वैद्यक, व्याकरण आणि व्रतवैकल्यं एकाच गणवेशात उभी. माझ्या आयुष्यातली निदान सहा महिन्यांची शोधाशोध या कव्हरांनी खाल्ली असेल.

सोललेला दंड ही आप्पांची खरेदी. ग्रेसाहेबाचं शरीररचनेचं पुस्तक, रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेलं. ''पुठ्ठ्याचं वजन कमी कर की रे,'' म्हणून त्यांनी पाऊण तास घासाघीस केली होती. कुणा मेडिकलच्या पोरानं पास होऊन, किंवा नापास होऊन, ते विकलं असणार. आईनं बघितलं आणि देवघराच्या भिंतीला लागून ते ठेवायचं नाही असं जाहीर केलं. आप्पा उद्यमबागेतल्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. इंग्रजी ड्रॉइंगपुरतं येत होतं. पण आकृत्या वाचता यायच्या, आणि माणसाचं ड्रॉइंग त्यांना मशीनच्या ड्रॉइंगपेक्षा चोख वाटायचं. ''बघ, एक रेघ फुकट न्हाई.''

त्या रेघा कार्टरच्या, हे मला फार पुढं कळलं. १८५८ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत ३६३ आकृत्या होत्या आणि त्या हेन्री वँडाइक कार्टरनं काढल्या होत्या. ग्रेनं त्याचं नाव शीर्षकपानावर बारीक टाइपात घ्यायला लावलं. पुढं तीनच वर्षांत, चौतिशीत, ग्रे देवीच्या रोगानं गेला. कार्टर मात्र पुस्तक निघालं त्याच वर्षी मुंबईला आला आणि नंतर काही वर्षं चक्क साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. भारतात असताना त्यानं अनवाणी शेतकऱ्यांच्या पायात काट्यावाटे शिरणाऱ्या बुरशीचा अभ्यास केला. आप्पा गेल्यावर हे वाचलं. सातारा म्हटल्यावर ते केवढे खूश झाले असते.

मी चौथीत असताना आप्पांच्या उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर प्रेसमध्ये गेलं. पट्टी सुटल्यावर एका संध्याकाळी ते ते पुस्तक घेऊन बसले, हाताचं पान काढलं आणि आपलं बोट त्यावर टेकवून बघितलं. मी शेजारी पाढे पाठ करत होते. मग ते म्हणाले, ''एवढं गेलं बघ,'' आणि पान मिटलं. आई आत भाकरी थापत होती, तिचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गिटारवाला कॅम्पातल्या एका मित्राचा. तो गोव्याला गेला, पुस्तक माझ्याकडे राहिलं. मला रॉक संगीतातलं काही कळत नाही. ते ऐकलं की कुठंतरी शटर अडकलंय असं वाटतं. पण दुसऱ्याच्या धंद्यातलं पुस्तक वाचायला मला भारी आवडतं, मागच्या सूचीपासून उलटं. तसंच वाचताना टोनी आयोमी भेटला. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैलही सोडल्या. १९७० मध्ये त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली रेकॉर्ड आली आणि त्या जड, खालच्या आवाजातून हेवी मेटल म्हणतात ते निघालं. एवढं वाचल्यावर मी ते शटर पुन्हा एकदा ऐकलं. शटरच वाटलं, खरं पूर्ण ऐकलं.

हा 'खरं' बेळगावचा. पुण्याच्या हॉस्टेलात मी म्हणाले, ''जेवायला येते, खरं आंघोळ व्हायचीय,'' तर मुली विचारायला लागल्या, ''काय खरं?'' आम्ही 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो हे मला अठराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. त्याच रागात आप्पा बळवंत चौकातून कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्ति कोश जुना बघून घेतला. तो निघाला १९४६ साली. त्याच साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठराव आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे, कोश कुणाच्या घरी दिसत नाही. दिवाळीला घरी नेला, तर आप्पांनी आधी त्याला कव्हर घातलं, मग मला विचारलं, कसली परीक्षा आहे म्हणून.

तिन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा दिसलं. रॉकच्या पुस्तकाला कव्हर मीच घातलंय, त्याची घडी पट्टीनं मारल्यासारखी आहे. बाकी दोन्हींच्या घड्या गोलसर, फुगीर. नखानं घडी दाबतात, आणि त्यांच्या त्या बोटाला नख नव्हतं.

पाऊस पुन्हा लागला. कपाट लावून घेतलं.