सांक्त हान्सची होळी बघायला डेन्मार्कला जाताना

सांक्त हान्स म्हणजे संत योहान. त्याच्या नावाच्या उन्हाळी सणाची होळी डेन्मार्कमध्ये २३ जूनच्या संध्याकाळी पेटते, वार कोणताही असो. शेजारच्या स्वीडनमध्ये हा सण शुक्रवार गाठून होतो, इथे तसं नाही. संताचा दिवस २४ जून, पण त्याची सुट्टी १७७० सालीच रद्द झाली. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असल्याने लोक फार रेंगाळत नाहीत, आणि उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला निखारेच येतात.

कोपनहेगनमध्ये इस्लान्स ब्रुगेला बंदराच्या पाण्यावरच होळी पेटवतात. दृश्य देखणं असतं, पण गर्दीत धग अंगापर्यंत येत नाही. उत्तर टोकावरच्या स्कागेनचा किनारा क्रॉयर या चित्रकाराने १९०६ साली पूर्ण केलेल्या तिथल्या होळीच्या चित्रामुळे प्रसिद्ध आहे. तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने एखाद्या वस्तीची किंवा छोट्या गावाची होळी गाठावी, असं ठामपणे सांगावंसं वाटतं. तिथे लोक एकमेकांना ओळखतात, लांब बाकांवर एकत्र जेवतात आणि अनोळखी माणसालाही सरकून जागा देतात. अशा होळ्यांची माहिती नगरपालिकेच्या आणि स्थानिक वर्तमानपत्रांच्या पानांवर मिळते.

होळीच्या दिवशी दुपारी, निघण्यापूर्वी, आग लावण्यावर बंदी आहे का ते बघाच. कोरड्या उन्हाळ्यात अशी बंदी येते. २०२३ मध्ये कित्येक ठिकाणी होळी पेटलीच नाही. भाषण, गाणी, जेवण बहुतेक वेळा तरीही होतं, त्यामुळे बेत लगेच रद्द करू नये. जोराचा वारा सुटला तरी आयोजक होळी पुढे ढकलतात किंवा सोडून देतात.

लाकूडफाटा आधीपासून साठवलेला असतो: बागेतल्या छाटलेल्या फांद्या, झुडपं, रंग किंवा रसायन न लावलेलं लाकूड. या ढिगात साळूसारखे काटे असलेले छोटे हेजहॉग आणि पक्षी आसरा घेतात. म्हणून पेटवण्याच्या दिवशी अख्खा ढीग उपसून बाजूला नव्याने रचायचा असतो. नुसतं हलवून भागत नाही, कारण धोका वाटला की हेजहॉग पळत नाही, तिथेच अंगाचा गोळा करून बसतो. दुपारी पोचलात तर या कामाला हात लावायला विचारा. जाडे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

शेंड्यावर जुने कपडे आणि पेंढा यांची चेटकीण बसवतात. ती जर्मनीतल्या ब्लॉक्सबर्ग डोंगराकडे उडून जाते, अशी समजूत. होळीच्या मानाने ही प्रथा बरीच नवी आहे. जिवंत बायका जाळल्याच्या इतिहासामुळे काही ठिकाणी आता बाहुली ठेवत नाहीत, आणि ते योग्यच वाटतं.

पेटवण्याची वेळ बहुधा साडेनऊ ते दहा. कोपनहेगनला सूर्यही दहाच्या सुमारास मावळतो. आधी भाषण, मग कवी होल्गर ड्राकमन यांचं १८८५ सालचं या सणाचं गीत. त्याला दोन चाली आहेत, संगीतकार लांग-म्युलर यांची जुनी आणि शू-बी-दुआ या बँडची १९८० ची. कागद वाटतात, तो घ्या आणि कोणती चाल लागते ते ऐकून सूर मिळवा.

उभं राहताना वारा पाठीवर घ्या. ओल्या फांद्या असल्या की सुरुवातीचा धूर दाट असतो आणि समोरच्यांचे डोळे चुरचुरतात. नायलॉनच्या जॅकेटला ठिणगीने भोक पडतं, लोकर बरी. पाण्याकाठी रात्री गारठा असतो.

काठीवरचा पाव, म्हणजे स्नोब्रोड, मोठ्या जाळावर होत नाही. तो बाजूच्या छोट्या शेकोटीवर. अर्धा किलो मैदा, २५ ग्रॅम ताजं यीस्ट, ३ डेसिलिटर (३०० मिली) कोमट पाणी, चमचाभर मीठ, थोडी साखर. तासभर फुगू द्या. बोटाएवढी वळी करून काठीच्या टोकाला गुंडाळा, टोक झाकून. ज्वाळेत धरलात तर बाहेरून काळा, आत कच्चा राहतो. निखाऱ्यांवर सतत फिरवत दहाएक मिनिटं द्या. हलक्या हाताने काठीवरून निसटला की झाला. पोकळीत जॅम भरा.

पैशांसाठी कार्ड आणि थोडे क्रोनर दोन्ही ठेवा. छोट्या टपऱ्यांवर मोबाईलपे चालतं, पण पर्यटकाला ते वापरता येत नाही. कोपनहेगनची मेट्रो रात्रभर धावते. गावाकडे मात्र परतीची शेवटची गाडी होळी पेटण्याआधीच सुटत नाही ना, हे तिकीट काढतानाच बघून घ्या.