भैरप्पा मराठीतूनच का?

‘जन्म बेळगावात गेला, कन्नड अस्खलित बोलता, मग भैरप्पा मराठी अनुवादातून का वाचता?’ कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांबद्दलचा हा प्रश्न धारवाडकडचे स्नेही मला विचारतात. बेळगावातल्याच टिळकवाडीतले काही मराठी जण ‘मुळात ते वाचताच कशाला?’ असे विचारतात. त्यांना उत्तर देणे मी सोडले आहे. पहिल्या प्रश्नाला मात्र, तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून, या वेळी हसून टाळाटाळ करत नाही.

या पावसाळ्यात मी ‘पर्व’ दुसऱ्यांदा वाचून संपवले. १९७९ साली कन्नडमध्ये आलेली भैरप्पांची ही महाभारतावरची कादंबरी उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली. देवत्व काढून घेतले की महाभारतातील माणसे खुजी होतील, अशी मला पूर्वी धास्ती होती. प्रत्यक्षात कुंतीच्या आठवणींचा भाग वाचताना ती मला पहिल्यांदाच पुरती भेटली. सैन्याचे अन्नपाणी, घाण आणि दुर्गंधी यांसह आलेले युद्ध वाचल्यावर कीर्तनातले कुरुक्षेत्र मला पूर्वीसारखे ऐकवत नाही. तक्रार एकच आहे. नियोगाची आणि वंशाची चर्चा निघाली की पात्रे एकाच विद्वानाच्या आवाजात बोलू लागतात. हा दोष लेखकाचा की अनुवादाचा, हे मला सांगता येत नाही, आणि तुमचा प्रश्न मला नेमका तिथे बोचतो.

आमच्या मराठी शाळेत कन्नड हा विषय होता. बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जाणाऱ्या आमच्या घरात त्या विषयात पस्तीस गुण पुरेसे मानले जात. पुढे कन्नड कानाने आली; बाजारात, बसमध्ये, कचेरीत. ती इतकी सहज आली की मला वाचता येत नाही, हे कोणाच्या लक्षातच आले नाही, आणि मीही ते येऊ दिले नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला मूळ कन्नड ‘पर्व’ भेट दिले. मी जेवणाच्या सुट्टीत त्यावर तासन्तास बोलत असे, म्हणून निवड मोठ्या प्रेमाने केलेली होती. शाल, हार, भाषणे झाली आणि कोणीतरी म्हणाले, ‘ओद्रि (वाचा) सर, पहिले पान तुमच्याच आवाजात होऊ दे.’ चष्मा विसरलो, असे सांगता आले असते. पण तो नाकावरच होता. मी उभा राहिलो. अक्षराखाली लोंबणारे प्रत्येक जोडाक्षर मला थांबवत होते. शल्यराजाच्या नावाशी मी अडलो, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडलो. तिसऱ्या ओळीला समोरच्या खुर्चीतल्या शिपायाने, ज्याला मी वर्षानुवर्षे अर्ज कसे लिहावेत हे शिकवले होते, पुढचा शब्द हलक्या आवाजात पुरवला. मग त्याच्या पुढचाही. पान संपेपर्यंत तो पुटपुटत होता आणि मी त्याच्यामागून म्हणत होतो, मुंजीतल्या बटूसारखा. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर पत्नीने पुस्तक कोणते मिळाले म्हणून विचारले, तर मी पिशवी तशीच कपाटात ठेवली.

त्यानंतर मी बरेच युक्तिवाद रचले. मातृभाषेत वाचणे हा माझा हक्क आहे, हा पहिला. तो आजही मला खोटा वाटत नाही. दुसरा अधिक सोयीचा होता. उमा कुलकर्णींचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत, त्याही बेळगावच्याच. मग केवळ कानांनी कन्नड जाणणाऱ्या माझ्यात उणे ते काय? तेव्हाच्या मला आज सांगावेसे वाटते की त्यांनी ऐकलेल्या कन्नडमधून ग्रंथ उभे केले आणि तू भाजी आणलीस. पण त्यावर तो विचारतो, त्या घरात, त्या वर्षांत, पस्तीसच्या पुढे जायला कोणी सांगितले होते? माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांना दोष द्यावा, तर त्यांनी भोगलेले मी पाहिले आहे. आळस म्हणावा, तर इंग्रजीसाठी मी रात्री जागवल्या होत्या.

पिशवी गेल्या महिन्यात कपाटातून काढली. रोज अर्धे पान होते. मराठी प्रत शेजारी उघडी असते, आणि अडलो की नजर तिकडेच जाते.