पाळणा, आठवडा पाचवा: गज बसले, पॉलिश रुसलं

गेल्या वेळी लिहिलं तेव्हा पाळणा गॅलरीत चारी पाय वर करून पडला होता, आता उभा आहे. पण बायकोला आठवा लागलाय आणि माझ्या हातात मोजून चार रविवार.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: हा आजोळचा सागवानी पाळणा, गुहागरकडचा. आई, दोन्ही मामा, मावशी सगळे यात झोपलेत, नंतर तीसेक वर्षं माळ्यावर कांद्याच्या टोपल्यांखाली पडून. आईचं म्हणणं, बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणायचाच नाही. शेवटी गॅलरी म्हणजे घर नव्हे यावर तडजोड झाली.

रंगाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. वर पांढरा ऑइल पेंट, त्याखाली पोपटी (मोठ्या मामाच्या मुलाच्या बारशाला मारलेला म्हणे), आणि तळाशी मूळचं लाखेचं पॉलिश. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ ला. म्हणजे त्याआधीचा ऑइल पेंट असेल तर शिसं आहे असंच धरून चाला, कोरडा पॉलिश पेपर मारू नका आणि हीट गन तर नकोच. मी पाणी शिंपडत खरवडलं, मास्क लावून, खाली जुनं प्लास्टिक अंथरून, आणि बायकोला त्या दिवसांत माहेरी पाठवलं. पायांवर मात्र लॉटरी लागली. रंगाला भेगा होत्या, त्यावर स्पिरिटचं फडकं गुंडाळून वरून पिशवी बांधली. अर्ध्या तासात स्पिरिट आत झिरपून खालची लाख विरघळली आणि वरचे दोन्ही रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे निघाले. बाकी ठिकाणी असलं काही नाही, नुसती खरवडपट्टी.

आता गज. आतून बाजूची लांबी ८८ सेंमी, कातीव गज सात, प्रत्येक अडीच सेंमी जाड, म्हणजे दोन गजांमध्ये पावणेनऊ सेंमीची फट. अमेरिकेत जास्तीत जास्त सहा सेंमी चालते, युरोपात साडेचार ते साडेसहा. बाळाचं धड फटीतून सरकून डोकं अडकू शकतं, म्हणून. आई म्हणाली, अरे तुम्ही सगळे जगलात की. मी काही बोललो नाही, टेप तेवढी तिच्या हातात दिली.

मधे एकेक गज वाढवला असता तर फट तीन सेंमीवर आली असती, त्यात हातपाय अडकायची भीती. म्हणून गज ज्यात बसतात त्या जुन्या पट्ट्याच काढल्या, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या चौकटीचं सागवान आणलं आणि नव्या पट्ट्यांत अकरा-अकरा भोकं पाडली. दोन्ही बाजूंचे मिळून आठ नवे गज खराद्याकडून जुन्या गजाचा नमुना देऊन करून घेतले. फट आता पाच सेंमी. एक भोक तिरकं गेलं, ते फेव्हिकॉल आणि भुशाने बुजवून परत पाडलं, कुठलं ते सांगणार नाही.

पॉलिशवाला म्हणाला मेलामाइन मारून देतो, आरसा होईल. मला चपडाच (लाखेच्या पापड्या) हवा होता. दात येताना पोरं कठडा चावतात, आणि गोळ्यांवर कोटिंग असतं ते याच लाखेचं. १०० ग्रॅम चपडा, ४०० मिली स्पिरिट, रात्रभर भिजवून फडक्याने गाळलं. पहिला हात मस्त. दुसरा हात पाऊस चालू असताना दिला, हा माझा गाढवपणा, हवेतला ओलावा आत धरला गेला आणि डोक्याकडची फळी ताक सांडल्यासारखी पांढरी. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर बोळ्याला अगदी थोडं नुसतं स्पिरिट लावून अलगद फिरवलं, गेलं. बाळाच्या शूपुढे मात्र चपडा टिकत नाही, त्यामुळे तळाच्या फळीवर मेणकापड येणार.

मग भार लावून बघायचा होता. २० किलो तांदूळ रात्रभर ठेवला, सांधे हलले नाहीत. पण झोका देऊन बघायचा तर आई आडवी आली, रिकामा पाळणा हलवायचा नाही. आणि तांदूळ म्हणजे काय बाळ आहे का, असं म्हणून आतून वरवंटा आणला, पंच्यात गुंडाळून ठेवला, बारशाला गोप्या असतो तसा. वीसेक झोके दिले. डावीकडची कडी कुरकुरते, तिला मेण लावलं की बघू.

अडलंय एका जागी. नवे गज जुन्यांपेक्षा फारच फिके दिसतायत, आणि मला वरून रंग मारायचा नाहीये. गडद चपडा फक्त नव्या गजांवर दोन हात जास्त देऊन कुणी जुळवलंय का? की दोनतीन वर्षांत उजेडाने आपोआप एक होतात?