चिखलदऱ्यात आठवडाभर लोकसंगीत : पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी

अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला लोक पावसाळ्यात धुकं बघायला जातात. मी दिवाळीच्या सुट्टीत गाणं शिकायला गेले. तेव्हा डोंगरावरच्या महाविद्यालयाचं वसतिगृह रिकामं असतं आणि त्याच आवारात लोकसंगीताची निवासी कार्यशाळा भरते. यंदा अमरावती, अकोला, यवतमाळकडची मंडळी जास्त होती. बरेचसे शाळामास्तर, काही भजनी मंडळातली तरुण पोरं, आणि पुण्याहून आलेल्या दोघी मैत्रिणी.

जाण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इथं एकट्यानं गायला शिकवत नाहीत, मागं म्हणायला शिकवतात. पुढचा गायक ओळ सोडतो, मागच्यांनी ती झेलायची, उचलायची आणि त्याला दम घ्यायला जागा करून द्यायची. खडी गंमत (उभ्यानं सादर होणारा तमाशासारखा खेळ) असो, खंजिरी (छोट्या डफासारखं वाद्य) घेऊन केलेलं भजन असो की मुलींची भुलाबाईची गाणी, हा सगळा डोलारा मागच्यांवर उभा आहे. आपल्या गावांतली मंडळं बंद पडताहेत ती गाणारा नाही म्हणून नव्हे, मागं धरणारं कुणी उरलं नाही म्हणून. माझं हे मत या आठवड्यात पक्कं झालं. शेवटच्या दिवशी मंचावर आपलं एक गाणं होईल अशा आशेनं जाणार असाल तर हिरमोड होईल.

पोहोचायचं कसं ते सांगते. रेल्वेनं बडनेऱ्याला उतरा, तिथून अमरावतीचं एसटी स्टँड जवळच आहे. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, आणि परतवाड्याहून पुढे घाटाचे सुमारे ३०. थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाही तर परतवाड्याला गाडी बदला. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च फारच कमी येतो. संध्याकाळच्या आत घाट चढा. रस्ता जंगलातला आहे, अंधारात काळी-पिवळी जीप मिळत नाही, आणि या भागात अस्वलांचा वावर आहे. याच कारणासाठी रात्री आवाराबाहेर फिरायला निघू नका. परतवाड्यात उतरलात तर सीताफळं घेऊन ठेवा, दिवाळीच्या सुमारास ती भरपूर असतात. पैसेही तिथंच काढून घ्या, वर एटीएमवर विसंबू नये.

आता मुख्य विषयाकडे येते. पहिली ओळख खंजिरीची. अमरावती जिल्ह्यात खंजिरी म्हटलं की तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) आठवतातच. यावलीत जन्म, मोझरीला गुरुकुंज आश्रम, आणि आयुष्यभर हातात खंजिरी. आजही वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत संध्याकाळी प्रार्थनेला हेच वाद्य निघतं. सात खंजिऱ्या एकट्यानं वाजवणारे सत्यपाल महाराज तर सगळ्यांना माहीत आहेत. आम्हाला शिकवायला मोझरीकडच्या एका भजनी मंडळातले भाऊ आले होते. त्यांनी पहिला पूर्ण तास आम्हाला वाजवू दिलं नाही, फक्त धरायला लावलं. डाव्या हातात खंजिरीचं कडं, बोटांची टोकं कातड्याच्या काठाला. ती किंचित दाबली की आवाज वर चढतो, सोडली की खाली घुमतो. उजव्या हाताला जोर नको. थाप पडल्यावर बोट लगेच उचललं नाही तर नाद मरतो, नुसती ठकठक ऐकू येते. केरव्याचा साधा ठेका संथ लयीत स्थिर व्हायला मला दोन दिवस लागले, आणि भाऊंच्या मते तेही लवकर झालं. भजन रंगात आलं की लय चढत जाते. तेव्हा नवशिका हमखास पुढं पळतो. "धावू नका. पुढचा कुठं चालला ते पाहा, त्याच्या मांगं चाला," एवढंच ते म्हणत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

स्वतःची खंजिरी नेणार असाल तर दोन गोष्टी बघा. जुन्या दिमड्या-खंजिऱ्यांना घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे. घरात आजोबांचं असं वाद्य असेल तर ते इथल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत घेऊन येऊ नका, आणि बाजारात कुणी असलं वाद्य विकत असेल तर घेऊ नका. बकरीचं कातडं किंवा फायबरचं पान लावलेली खंजिरी आणा. दुसरं असं की चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पहाटे दव पडतं आणि कातडं पार सैल होतं. रात्री वाद्य कापडात गुंडाळून ट्रंकेत किंवा बॅगेत ठेवा, सकाळी चुलीच्या धगीपासून हातभर लांब धरून शेका. अगदी जवळ नेलं तर कातडं तडकतं. स्वयंपाकघरातल्या मावशी चूल पेटवून आमची वाटच बघत असायच्या, त्यांच्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या.

खडी गंमतीसाठी भंडाऱ्याकडचे एक वयस्कर शाहीर आले होते, सगळे त्यांना काका म्हणत. ढोलकी, डफ, तुणतुणं, आणि सगळे उभे. आधी गण (गणपतीला वंदन), मग गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग), मग मुख्य खेळ, म्हणजे गंमत. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब त्यांनी एका बैठकीत उलगडून सांगितले. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला, आणि रात्र रात्र एकमेकांना कोडी घालत बसतात. काकांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माईकशिवाय पोहोचायचा. मागची फळी आम्ही होतो. त्यांची ओळ संपायच्या आत आमचा सूर सुरू व्हायला हवा, मधे श्वासाएवढीही फट नको. हे कागदावर लिहून जमत नाही. सुरुवातीला वह्या बाजूला ठेवायला लावतात ते यासाठीच. मला तो नियम अगदी योग्य वाटला.

काका मधेच परत गेले, कारण भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे त्यांच्या भंडाऱ्याकडच्या भागात, मंडई (गावोगावची जत्रा) सुरू होते आणि शाहिरांना उसंत नसते. म्हणून खडी गंमत शिकायची असेल तर सुरुवातीचे दिवस अजिबात चुकवू नका. एखाद-दुसरा दिवस उशिरा आलेल्यांना काकांचा सहवास जेमतेम एका संध्याकाळपुरता मिळाला.

भुलाबाईची गाणी दर्यापूरकडच्या एका आजीनं शिकवली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर ही गाणी म्हणतात, शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. आमच्या लहानपणी आम्हीही म्हणायचो, पण कोणत्या गाण्यानंतर कोणतं, याला एक क्रम असतो हे मला आजीकडून कळलं. सुनेचं माहेर, सासरचा जाच, दागिने, रुसवा असं एक एक पुढं सरकत जातं. आजी एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, "इथं पोरी हसतात, पण बाई ऐकते तं तिच्या डोयात पाणी येते." पुण्याच्या मैत्रिणींनी त्यांच्याकडची भोंडल्याची गाणी म्हटली. दोन्हींत सासर-माहेर सारखंच, चाली मात्र वेगळ्या. ती संध्याकाळ सगळ्यांत छान गेली.

कोरकू या इथल्या आदिवासी समाजातली मंडळी जवळच्या गावातून यायची. हा विभाग मला सगळ्यांत मोलाचा वाटला, आणि इथंच सर्वांत जपून वागायला हवं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तिच्या बहिणी संथाली, मुंडारी दूर झारखंडकडे. त्यामुळे मराठीचा आधार घेऊन शब्द पकडायला गेलात तर हाती काही लागत नाही. गदली-सुसून या त्यांच्या नाचात बायका हातात हात गुंफून रांगेत सरकतात, पुरुष ढोलकी आणि बासरी घेऊन समोर. पावलं सोपी दिसतात. प्रत्यक्षात शेजारणीच्या हाताचा ताण कळल्याशिवाय आपलं पाऊल पडत नाही. मला त्या रांगेत उभं केलं तेव्हा डावीकडच्या ताईनं माझं मनगट घट्ट धरलं आणि वाकायच्या क्षणी हलकेच खाली ओढलं. त्या ओढीवरूनच मी शिकले. व्हिडिओ काढण्याआधी विचारा. काही गाणी ठरावीक सणालाच म्हणायची असतात, तेव्हा "नको" म्हणाले तर आग्रह करू नका. आणि कोरकू शब्दांना मराठी वळण देऊन वहीत लिहू नका, त्यांच्यातल्याच शिकलेल्या मुलांना विचारून लिहा.

दिवाळीनंतर मेळघाटात आठवडी बाजारांचे घुंगरू बाजार होतात. गुरं चारणारे थाट्या नटून-थटून येतात, ढोलकी-बासरीवर दुकानांपुढं नाचतात, दुकानदार त्यांना पैसे देतात. एक दिवस वर्ग बंद ठेवून आम्हाला तिथं नेलं. पाठ्यक्रमात याहून चांगला दिवस नसेल. तारखा दिवाळीप्रमाणे बदलतात, नाव नोंदवताना या बाजाराचा दिवस कार्यशाळेत येतो का ते आवर्जून विचारा.

मोकळ्या दुपारी गाविलगड बघा. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं घेतला. चढायला सोपा, पण पाणी बरोबर घ्या. पंचबोल पॉइंटला मात्र सकाळी, वारा सुटण्याआधी जा. हाक मारली की दरीतून ती पुन्हा पुन्हा परत येते. भाऊंनी तिथं भजनाची एक ओळ टाकली आणि आम्हाला गप्प राहायला सांगितलं. त्या दिवशी मागं म्हणायचं काम दरीनं केलं.

सामानात स्वेटर, शाल, टॉर्च, डासांचं मलम आणि सुंठ-गूळ असू द्या. अंघोळीचं गरम पाणी बादलीनं मिळतं, लवकर उठणाऱ्याला आधी. इथली रबडी खाल्ल्याशिवाय कुणी राहत नाही, पण सकाळच्या रियाझाआधी नको, घसा भरतो. जेवण साधं, भाकरी, झुणका, वांग्याची भाजी, ठेचा. मोबाईलची रेंज जाऊन-येऊन असते, घरी तसं आधीच सांगून ठेवा.

शेवटचं, पैशाचं. कार्यशाळेच्या फीमधून कलावंतांना किती मानधन जातं हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट विचारा, आयोजक सांगतात. त्याशिवाय ज्यांच्याकडून शिकलात त्यांच्या हातात स्वतःहून बिदागी द्या. काकांना किंवा भाऊंना आपल्या गावी बोलवायचं असेल तर प्रवासखर्च, मुक्काम आणि साथीदारांसकट सगळ्यांचं मानधन आधी ठरवा. काकांना मंडईचा हंगाम सोडून बोलवा, उन्हाळ्यात ते मोकळे असतात.