खिशात मावेल ते सैनिकाचं पुस्तक

जवानांना पुस्तकं पाठवायची म्हटलं की पुण्यात माळे रिकामे व्हायला लागतात. मुलांची जुनी गाइडं, जाडजूड ग्रंथ, सगळं निघतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही हेच झालं. 1942-43 मध्ये लोकांकडून सुमारे 1 कोटी 80 लाख पुस्तकं जमली आणि त्यांतली बरीच बाद करावी लागली. उरलेल्यांत पुठ्ठा बांधणीची फार. छावणीत ठीक, पण पाठीवर ओझं असलेला माणूस सगळ्यात आधी तीच टाकणार.

मग सप्टेंबर 1943 पासून 'आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स' निघाल्या, म्हणजे खास सैनिकांसाठी छापलेली खिशात मावणारी हलकी पुस्तकं. 1947 पर्यंत 1,322 पुस्तकं, 12 कोटींवर प्रती. करामत छापखान्यातली. मासिकांच्या रोटरी यंत्रांवर दोन वेगळी पुस्तकं वर-खाली छापायची, एकत्र बांधायची आणि मग मधोमध आडवी कापायची. म्हणून पुस्तक आडवं, बांधणी आखूड बाजूला. लहान आकार साडेपाच बाय जेमतेम चार इंच. आपलं डेमी पुस्तक (नेहमीच्या मराठी कादंबरीचा आकार) मधोमध दुमडलं तर होईल त्याहून किंचित लहान. पानावर दोन रकाने. ओळ छोटी राहते, अंधुक उजेडात नजर हरवत नाही. पंचाईत एवढीच, की जोडीतल्या दोन्ही पुस्तकांची पानं सारखी भरायला हवीत.

बांधणी पिनांची, कारण उष्ण प्रदेशात खळीला कीड लागते. आता त्याच पिना गंजून कागद खातात. रद्दीत असं एखादं हाती लागलं तर पिन ओढू नका. मागचे पाय पातळ पात्याने सरळ करा, पुढून अलगद उचला आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला. कागद पिवळा, ठिसूळ; कोपऱ्याला धरून पान उलटलं की कोपराच हातात येतो.

आज पाठवायचं असेल तर अप्पा बळवंत चौकात घेतानाच पुस्तकाची पाठ बघा. नुसत्या गोंदावर चिकटवलेलं नको. कडाक्याच्या थंडीत गोंद तडकतो आणि पानं सुटतात. दोऱ्याने शिवलेलं घ्या. दिवाळी अंक चालतो, जाहिरातींची पानं आधी काढा, वजन बरंच उतरतं. कादंबरीपेक्षा कथासंग्रह बरा, दोन पहाऱ्यांच्या मधे एक कथा होते. पत्त्यावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि 'मार्फत 56 एपीओ' (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) किंवा 99, जवानाने कळवलं असेल ते. ठिकाणाचं नाव घालायचं नाही.