लाइट गेली तरी सर्व्हर चालू
आज लातुरात लाइटचा दिवसभर लपंडाव, तरी आपला सर्व्हर उभा राहिला. तो इथं नाहीच की! क्लाउडफ्लेअर वर्कर्सवर (आपला कोड जगभरच्या त्यांच्या मशीनवर चालवणारी सेवा) ग्राफक्यूएल चढवलं, म्हणजे हवा तेवढाच डेटा मागायची क्वेरीची भाषा. काम मोंढ्यातल्या भावांचं: सोयाबीन, तूर, हरभरा. तुरीचा भाव मागितला तर मोबाइलवर तेवढाच यावा, बाकी पसारा नको. फेसबुकनं २०१२ मध्ये ग्राफक्यूएल आपल्या मोबाइल ॲपसाठीच बनवलं, २०१५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. शिवारात नेटची एकच दांडी दिसते तेव्हा त्याचं मोल कळतं.

फुकटच्या प्लॅनमध्ये दिवसाला १ लाख रिक्वेस्ट, प्रत्येकीला सीपीयूचे १० मिलिसेकंद. एवढ्यात काय होणार ओ, असं कुणालाही वाटेल. पण बाहेरून डेटा येईपर्यंतची वाट त्यात धरत नाहीत, फक्त कोड चालतो तो वेळ मोजतात. म्हणून स्कीमा (काय काय मागता येतं त्याचा आराखडा) दर रिक्वेस्टला नव्यानं बांधायचा नाही, हँडलरच्या, म्हणजे दर रिक्वेस्टला चालणाऱ्या कोडच्या, बाहेर एकदाच बांधून ठेवायचा. माझ्या मते अर्धं काम इथंच होतं.

भाव केव्हीमध्ये, म्हणजे क्लाउडफ्लेअरच्याच डेटा साठवणीत ठेवलेत. तिथला बदल जगभर पोचायला मिनिटभर, कधी जास्तही लागतो. सौदा निघाल्यावर मिनिटानं कुणाचं अडतंय?

मामा मात्र विचारत होते, "मशीन कुठं ठेवलंस रे?" "सगळीकडंच हाय मामा," म्हटलं. त्यांना काही पटलं नाही.

आता क्वेरीत क्वेरी घुसवून कुणी सीपीयू खाऊ नये म्हणून क्वेरीच्या खोलीवर, म्हणजे एकात एक किती थर चालतील त्यावर, मर्यादा घालायची आहे. कुणी घातली असेल तर सांगा, किती ठेवलीत?